पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा



या खेपेच्या टपालात एका मैत्रिणीचं पत्र आहे. नाव-गाव सांगत नाही, कारण घरचा मामला आहे. ती शाळेत शिकवते. सासूबाई तिच्याकडे असतात. मोठे दीर आणि जाऊबाई दुसऱ्या गावी. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि या वेळी जाऊबाईंनी आठ दिवस येऊन राहावं असं तिला वाटतं. फोनवर बोलायला गेलं की दोघींचाही आवाज चढतो, म्हणून तिनं लिहून कळवायचं ठरवलं. ती म्हणते, "चार वेळा लिहिलं नि चारही वेळा फाडलं. वाचते तेव्हा सगळं बरोबर वाटतं, तरी पाठवायला हात धजत नाही. काय चुकतंय ते सांगा." सोबत तिनं पाचवं पत्र जोडलं आहे.

मी तिला उलट एकच प्रश्न विचारते, आणि तोच तुम्हा सगळ्यांना. पत्र वाचलंत म्हणजे कसं वाचलंत? मनातल्या मनात की मोठ्यानं?

हसू नका हं! उत्तर बहुतेक याच प्रश्नात आहे.

डोळ्याची लबाडी

आपलंच लिहिलेलं आपण मनात वाचतो, तेव्हा खरं म्हणजे आपण ते धड वाचत नसतो. काय लिहायचं होतं ते आपल्याला पाठ असतं. डोळा कागदावरून सरकतो आणि मनातलं वाक्य त्याच्या पुढं धावतं. मधला एखादा शब्द गळला असेल तर मन तो भरून घेतं. एकच शब्द दोनदा पडला असेल तर एक गाळून टाकतं. तांदूळ निवडायला ताट पुढ्यात घ्यावं आणि गप्पांच्या नादात हात नुसता फिरवावा, तसंच हे. खडा ताटातच राहतो, आणि लागतो तो जेवणाऱ्याच्या दाताला.

मोठ्यानं वाचलं की तीन गोष्टी घडतात. पहिली, वेग कमी होतो. जीभ काही डोळ्याइतकी पळत नाही. प्रत्येक शब्दाशी तिला थांबावंच लागतं. दुसरी, श्वासाचं माप लागतं. वाक्य संपायच्या आत दम संपला, तर वाक्य लांबलं हे कुणी सांगावं लागत नाही. आणि तिसरी, शब्द कानावर पडतात. तेवढ्यापुरत्या आपण लिहिणारीच्या पाटावरून उठून ऐकणारीच्या पाटावर जाऊन बसतो. मला विचाराल तर ही तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची.

आता ते पत्र वाचू या

मैत्रिणीच्या परवानगीनं तिचं पत्र इथं देते. कृपा करून तुम्हीही ते मोठ्यानंच वाचा.

"ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आता लवकरच करावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं असून मागच्या वर्षी त्यांच्या पायाच्या वेळी सगळं आम्हीच केलं होतं आणि आता माझ्या शाळेत परीक्षा असल्यामुळे व ह्यांनाही रजा मिळत नसल्यामुळे या वेळी तुम्हीच येऊन राहावं किंवा त्यांना तिकडे घेऊन जावं म्हणजे त्यांनाही बरं वाटेल कारण त्यांना तुमची आठवण येते व त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. खर्चाचं तर आम्ही बघतोच आहोत. कळावे."

काय झालं? दम लागला ना? 'पत्र लिहिण्यास कारण'पासून 'बोलूनही दाखवलं'पर्यंत एकच वाक्य आहे. असून, आणि, असल्यामुळे, व, नसल्यामुळे, किंवा, म्हणजे, कारण, पुन्हा व. मालगाडीच्या डब्यांसारखं एकाला एक जोडत गेलं. आपल्या मराठीत हे फार सहज होतं. 'करून', 'असून', 'असल्यामुळे' हे शब्द हाताशी असतात आणि वाक्य संपवावंसं वाटतच नाही. डोळ्याला ते खटकत नाही. छातीला खटकतं.

दुसरी गंमत पाहा. 'डॉक्टरांनी सांगितलं असून मागच्या वर्षी त्यांच्या पायाच्या वेळी...' पाय कुणाचा? सासूबाईंचा की डॉक्टरांचा? पुढं 'त्यांना तिकडे घेऊन जावं.' नेमकं आधी ह्यांच्या रजेचं आलं आहे, त्यामुळे वहिनींनी सासूबाईंना न्यायचं की दिरांना, असा प्रश्न पडावा! मराठीत मान देऊन बोलायचं म्हणजे सगळ्यांनाच 'त्यांनी' आणि 'त्यांना'. घरात तीन मोठी माणसं असली की तिघांचे 'त्यांना' एकमेकांत मिसळतात. आपल्या मनात माणूस स्पष्ट असतो, म्हणून आपल्याला कळत नाही. मोठ्यानं वाचताना मात्र जीभ क्षणभर अडते. अडली की समजावं, इथं 'त्यांना' काढून सरळ 'आईंना' लिहायला हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक. पत्रातले 'च' मोजा. लवकरच, आम्हीच, तुम्हीच, बघतोच. चार 'च'! कागदावर हे अक्षर एवढंसं दिसतं. पण 'सगळं आम्हीच केलं होतं' हे मोठ्यानं म्हणा, आणि मग 'सगळं आम्ही केलं होतं' म्हणा. पहिल्यात आवाज आपोआप चढतो की नाही? त्या एका 'च'मध्ये 'तुम्ही काही केलं नाहीत' हे न लिहिलेलं वाक्य बसलेलं आहे. वहिनींना बाकी पत्र विसरायला होईल, 'च' लक्षात राहील. 'खर्चाचं तर'मधला 'तर'ही त्याच जातीचा.

आणि हे सगळं होताना पत्रातलं सगळ्यांत गोड वाक्य, आईंना तुमची आठवण येते, ते कुठं आहे? शेवटाला, 'कारण'च्या मागं दडून. आमच्या मैत्रिणीला पत्र पाठववत नव्हतं ते यासाठी. तिच्या कानाला आतून कुठंतरी हे कळत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं.

आता हेच पत्र कानाला विचारून पुन्हा लिहिलं तर असं होईल:

"ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आईंना तुमची फार आठवण येते. परवा जेवताना दोनदा तुमचं नाव निघालं.

आईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १४ तारखेला ठरलं आहे. नंतर काही दिवस डोळ्यांत थेंब वेळेवर घालायला घरात कुणीतरी हवं. त्याच आठवड्यात माझ्या शाळेत परीक्षा आहेत आणि ह्यांना रजा मिळत नाही. तुम्हाला १३ ते २० इकडे येऊन राहता येईल का? जमण्यासारखं नसेल तर मोकळेपणानं कळवा, म्हणजे मला वेळेवर दुसरी सोय पाहता येईल.

खर्चाबद्दल हे दादांशी बोलणार आहेत.

कळावे, लोभ असावा."

यात 'त्याच आठवड्यात' हा एक 'च' राहिला आहे. तो राहू द्या. तो कुणाला टोचत नाही. सगळेच 'च' वाईट नसतात. कोणता टोचतो ते कान सांगतो.

कुणी म्हणेल, म्हणजे गिळायचं सगळं आणि गोड लिहायचं! तसं मुळीच नाही. पहिलं पत्र पुन्हा पाहा. त्यात तक्रार भरपूर आहे, पण विचारलं काय आहे? या किंवा न्या. कधी, किती दिवस, पत्ता नाही. अशा पत्राला 'बघू' याखेरीज उत्तर येत नाही. दुसऱ्या पत्रात तारखा आहेत आणि सरळ प्रश्न आहे. त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. मागच्या वर्षीच्या पायाचं दुःख खोटं नाही. पण ते वेगळं बोलायचं, समोरासमोर बसून. एका पत्रात विनंती आणि हिशेब दोन्ही घातले की विनंती हिशेबाखाली चिरडते.

वाचायचं कसं आणि कुठं

"घरात मोठ्यानं काय वाचू? सगळे हसतील," हे मला माहीत आहे. दोन-तीन खोल्यांच्या घरात बाईला स्वतःच्या आवाजासाठी जागा नसते. ती शोधावी लागते. सकाळची घाई सरून सगळी आपापल्या वाटेला लागली की मधली पंधरा मिनिटं, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्यावरची दहा मिनिटं, कुठलीही चालतील. घर कधीच रिकामं नसेल तर ओठ हलवून पुटपुटत वाचा. तोही उपाय मनातल्या वाचनापेक्षा कितीतरी बरा, कारण जिभेला शब्द उच्चारावे लागतात. बहुतेकींच्या फोनमध्ये आता आवाज टिपून ठेवायची सोय असते. त्यात वाचून ठेवा आणि नंतर डोळे मिटून ऐका. खाजगी पत्र असेल तर ऐकून झाल्यावर पुसून टाकायला विसरू नका.

वाचताना नाटक करू नका. आपण आवाजात माया ओतून वाचलं तर कोरडं वाक्यही गोड लागतं. पण आवाज काही पत्राबरोबर जात नाही. बातम्या वाचतात तसं सरळ, एका सुरात वाचा. हातात पेन्सिल ठेवा. जिथं जीभ अडली, दम लागला, किंवा आपलीच आपल्याला लाज वाटली, तिथं नुसती खूण करा आणि पुढं चला. मध्येच दुरुस्त करत बसलं की पूर्ण पत्राचा सूर कळत नाही. शेवटपर्यंत गेल्यावर खुणांकडे वळा. दुरुस्त झालं की पुन्हा एकदा वाचा. तिसऱ्यांदा वाचून थांबा. त्यानंतर कानही सरावतो आणि त्याला काही खटकेनासं होतं.

रागात लिहिलेलं असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि सकाळी मोठ्यानं वाचा. रात्रीचा 'च' सकाळी स्वच्छ ऐकू येतो.

याहूनही चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणं. ती वाचते, आपण ऐकायचं. ती जिथं अडखळेल, मागं जाऊन पुन्हा वाचेल, तिथं दोष तिच्या वाचण्याचा नाही, आपल्या लिहिण्याचा. माणूस मात्र पारखून निवडा. ओळीओळीला 'हे असं नाही, तसं लिही' म्हणणारं माणूस या कामाला उपयोगाचं नाही, मग ते घरातलं का असेना! आणि वाचून झाल्यावर 'कसं वाटलं?' असं विचारू नका. त्याला 'छान' एवढंच उत्तर येतं. 'यातून तुला काय कळलं?' असं विचारा. आपल्याला सांगायचं होतं तेच तिनं सांगितलं, तर काम झालं.

फोनवरचे दोन शब्द

आता कागदावरची पत्रं कमी झाली आणि फोनवरचे निरोप वाढले. तिथं तर याची गरज जास्त. पूर्वी घरी आलेलं पत्र बहुधा एक जण वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे. वाचणाऱ्याच्या आवाजानं थोडी सांभाळासांभाळ व्हायची. फोनवरचा निरोप बाई एकटी वाचते, गॅसपाशी उभी राहून, आधीच कशानं तरी वैतागलेली असताना. निरोपाला आवाज नसतो. तेव्हा ती आपल्या मनःस्थितीचा आवाज त्याला देते.

'ठीक आहे' एवढंच घ्या. आनंदानं म्हणून पाहा, थकून म्हणून पाहा, रागानं म्हणून पाहा. तिन्ही सूर बसतात! माझा नियम असा, की जे वाक्य मोठ्यानं दोन सुरांत म्हणता येतं, ते वाचणारी वाईट सुरात वाचणार असं धरून चालावं आणि एखादा शब्द जास्त घालावा. 'ठीक आहे, मग रविवारी या, वाट बघते.' आता ते रागानं म्हणूच शकत नाही तुम्ही.

'आम्ही' आणि 'आपण' यांचंही तसंच. 'आईंच्या औषधांचं आम्ही ठरवलं' आणि 'आईंच्या औषधांचं आपण ठरवू.' पहिल्यात ऐकणारी दाराबाहेर उभी आहे, दुसऱ्यात घरात आली आहे. आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत ही केवढी सोय आहे! सोसायटीच्या किंवा भिशीच्या व्हॉट्सअॅप गटावर काही टाकायच्या आधी, निदान आपला 'आम्ही' कुणाला बाहेर ठेवतो आहे का, एवढं एकदा ओठांनी म्हणून पाहा.

पाककृती, अर्ज आणि भाषण

पाककृती लिहून पाठवणाऱ्या मैत्रिणींसाठी युक्ती अशी. दुसरीला ओट्याशी उभी करा आणि तुम्ही लिहिलेलं फक्त वाचून दाखवा. एक शब्द तोंडी जास्त सांगायचा नाही. समजा लिहिलं आहे, 'अळूची पानं धुऊन, पुसून, देठ काढून, शिरा लाटण्यानं चेपून, पीठ लावून, गुंडाळी करून उकडावीत.' ती लगेच विचारेल, पीठ पानाच्या कुठल्या बाजूला? उकडायचं किती वेळ? पिठात चिंच कधी घालू? आपल्या हाताला हे सगळं पाठ असतं, म्हणून कागदावर येत नाही. पानाच्या मागच्या, शिरांच्या बाजूला पीठ लावायचं, मोठं पान खाली आणि लहान वर, वाफेवर पंधरा-वीस मिनिटं, हे लिहावंच लागतं. आणि चिंच राहिली तर ती वाचणारीच्या घशाला कळेल!

ऐकणारी दुसऱ्या भागातली असली तर आणखी फायदा. नागपूरकडच्या मैत्रिणी कोथिंबिरीला सांबार म्हणतात. 'वरून सांबार घालावा' हे पुण्या-साताऱ्याच्या बाईनं ऐकलं तर ती डोशाबरोबरचं सांबार ओतायची! म्हणून काही आपला शब्द टाकून द्यायचा नाही. 'सांबार म्हणजे कोथिंबीर' असं एकदा सांगून मग खुशाल सांबार लिहावं. तुमच्या वऱ्हाडी, खानदेशी, मालवणी बोलीचा शब्द ही चूक नव्हे. कानाची परीक्षा समजण्यासाठी आहे, पुणेरी होण्यासाठी नाही.

नगरपालिकेला किंवा बँकेला अर्ज करताना पहिलं वाक्य मोठ्यानं वाचा आणि तिथंच थांबा. तुम्हाला काय हवं आहे ते तेवढ्यात कळलं का? 'उपरोक्त विषयास अनुसरून सदर अर्जाद्वारे नम्रपणे कळविण्यात येते की' इथपर्यंत अर्धा दम गेला आणि नळाचं पाणी अजून आलं नाही! 'आमच्या गल्लीतील आठ घरांना गेले दहा दिवस सकाळचे पाणी येत नाही. कृपया पाहणी करावी.' हे ऐकलं की कारकुनालाही काय करायचं ते कळतं.

हळदीकुंकवाला, मंडळात, किंवा कुणाच्या शोकसभेत चार शब्द बोलायचे असतील तर ते घड्याळ समोर ठेवून वाचा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे-सहाशे शब्द पुरे. घरी वाचताना ज्या जोडाक्षराशी जीभ अडते, तिथं सभेत ती नक्की अडणार. तो शब्द आजच बदला. शोकसभेचं तर चारदा वाचा. कुठल्या ओळीला गळा दाटतो ते आधी कळतं, आणि तिथं श्वास घ्यायला जागा ठेवता येते.

कानाला न कळणाऱ्या चुका

कानावर सगळं सोपवूनही चालत नाही. ऱ्हस्व-दीर्घ त्याला कळत नाही. आपल्या बोलण्यात 'दिन' आणि 'दीन' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. एकाचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब. 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे नाडी. बोलताना फरक कुणाच्या लक्षात येतो? म्हणून शुद्धलेखन तपासायला वेगळी फेरी हवी, आणि ती डोळ्यानंच. त्या वेळी शेवटच्या ओळीपासून वर वर वाचत जा. अर्थाची साखळी तुटली की डोळा अक्षरं पाहू लागतो.

सध्या आपण वापरतो ते शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. १४ नियम १९६२ साली आले आणि ४ नियम १९७२ साली वाढले. त्यांतले दोन-तीन लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागतं. शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ: पाणी, वाटी, लाडू. याला 'आणि' हा नेहमीचा अपवाद. सून, फूल, वीट यांत दीर्घ. पण प्रत्यय लागला की सुनेला, फुलाला, विटेला.

नावं, तारखा, रक्कम आणि फोन नंबर हेही कानावर सोडू नका. आकडा एकेक अंक बोटानं दाबत वाचा. मुंजीच्या पत्रिकेवर तारीख एक आणि वार भलताच, हे कितीही गोड आवाजात वाचलं तरी ऐकू येत नाही. समोर कॅलेंडरच लागतं.

एक गोष्ट मात्र कान पकडतो. आधी 'असे केले' लिहायचं आणि पुढं 'असं केलं.' दोन्ही चालतात. अर्जात पहिलं शोभतं, घरच्या पत्रात दुसरं. पण एकाच पत्रात दोन्हींची खिचडी झाली तर ऐकताना दोन बायका आलटून पालटून बोलताहेत असं वाटतं. एक धरा.

आपली भाषा कानाचीच

"मी काही लेखिका नाही," असं तुमच्यापैकी कितीतरी जणी लिहितात. अहो, आपल्या भाषेतलं थोर लेखन आधी बोललं गेलं आणि मग कागदावर आलं. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके १२१२ मध्ये. आपल्या पणज्या-खापरपणज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या. जात्याच्या फेऱ्यात जी ओळ बसायची नाही ती तिथंच गळून पडायची. पीठ दळता दळता भाषा घासली जायची. बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. ती आजही वाचताना कुणी समोर बसून सांगतं आहे असंच वाटतं.

या बायकांपाशी शब्दकोश नव्हते. कान होता. तो तुमच्यापाशीही आहे. आमटीची चव तुम्ही जिभेवर थेंब घेऊन पाहता, नुसता रंग बघून पंगतीला वाढत नाही. लिहिलेल्याची चव कानानं घ्यायची, एवढंच.

थोडक्यात

१. लिहून झाल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. रागाचं पत्र असेल तर एक रात्र.

२. एका सुरात, सावकाश, मोठ्यानं वाचा. जमत नसेल तर ओठ हलवून वाचा.

३. एका दमात न मावणारं वाक्य तोडा.

४. 'त्यांनी', 'त्यांना' म्हणजे कोण, हे अडलं तर माणसाचं नाव किंवा नातं लिहा.

५. टोचणारे 'च' आणि 'तर' काढा. 'आम्ही'च्या जागी 'आपण' बसतं का पाहा.

६. सगळ्यांत मायेचं वाक्य शेवटी दडलं असेल तर वर आणा. मागणं असेल तर तारखेसह सरळ विचारा.

७. शुद्धलेखन, नावं आणि आकडे यांची फेरी वेगळी, डोळ्यानं.

आमच्या शिक्षिका मैत्रिणीनं सहावं पत्र लिहावं, गच्चीवर जाऊन वाचावं आणि चौदा तारखेच्या पुरेसं आधी टाकावं. जाऊबाई येतील की नाही ते मला सांगता येणार नाही. पण त्या नाही म्हणाल्या तर अडचणीमुळे म्हणतील, 'च' लागला म्हणून नाही.

तुमच्यापैकी कुणाचं एखादं पत्र असंच अर्धवट पडलं असेल, तर या आठवड्यात ते बाहेर काढून वाचून पाहा, आणि कुठं जीभ अडली ते मला जरूर कळवा.